एकट्याने डोंगर धावण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

डोंगरवाटांवर धावण्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ठाणे आणि नवी मुंबईतून आली आणि त्यातील बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची होती : सोबत कोणी नसताना लांबचा, आडवाटेचा पल्ला धावून पार करता येईल का? त्यातील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून खारघरला राहतो. गेल्या पाच वर्षांत मी सहा अर्धमॅरेथॉन आणि दोन पूर्ण मॅरेथॉन धावलो आहे. पूर्ण मॅरेथॉनची माझी सर्वोत्तम वेळ ४ तास २० मिनिटे आहे. आमच्या गच्चीवरून मलंगगड, चंदेरी आणि माथेरानची रांग रोज दिसते. येत्या जानेवारीत एका दिवसात, कोणाचीही सोबत न घेता, मलंगगडाच्या पायथ्यापासून ही रांग माथ्यावरून धरून माथेरानपर्यंत धावत जावे आणि पलीकडे धोदाणीला उतरावे, असे मनात आहे. माझ्या मोजणीनुसार हे अंतर ३५ किलोमीटर भरते, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा कमीच. सहा तास पुरतील ना?

उत्तर : पुरणार नाहीत. आणि आपण आखलेली वाट एकट्याने धावण्याची नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

आधी वेळेचा हिशेब पाहू. रस्त्यावर धावणारा माणूस अंतर मोजतो. डोंगरात चढ मोजावा लागतो. विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा ठोकताळा मांडला, तो आजही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि त्यात दर ६०० मीटर चढाईमागे आणखी एक तास मिळवावा. आपले ३५ किलोमीटर घेतले तर सात तास होतात. रांगेतील खिंडींमध्ये उतरून पुन्हा चढावे लागत असल्याने एकूण चढाई १८०० मीटर धरली तर आणखी तीन तास वाढतात, म्हणजे हिशेब दहा तासांवर जातो. यात विश्रांती, वाट शोधणे आणि पाणी भरणे धरलेले नाही. हा ठोकताळा चालणाऱ्याचा आहे, धावणारा त्याहून वेगाने जाईल, असे आपण म्हणाल. सपाटीवर ते खरेही आहे. मात्र सह्याद्रीच्या घसाऱ्यावर आणि कारवीच्या रानात धावणाऱ्याचा वेग चालणाऱ्याच्या वेगाशी येऊन मिळतो, आणि सातव्या-आठव्या तासाला त्याच्याही खाली जातो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लवकरच मावळतो. हाती अकरा तासांचा उजेड असताना दहा तासांची वाट आखणारा माणूस चुकण्यासाठी एकच तास शिल्लक ठेवतो.

आता वाटेविषयी. गच्चीवरून सलग दिसणारी धार पायाखाली सलग नसते. मलंगगडाच्या वरच्या टप्प्यात पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि एके ठिकाणी दरीवरून पाइपाच्या आधाराने पलीकडे जावे लागते. चंदेरीचा सुळका तर उघडाच कातळ आहे. तेथे जाणती मंडळीही दोर घेऊन जातात. मधल्या भागात धारेवर सुटे दगड आणि वाळलेले गवत असते, आणि वाळलेल्या गवतावरून बूट कसा सटकतो हे ज्याने अनुभवले आहे तो त्या जागी धावण्याची भाषा करत नाही. एकट्या धावणाऱ्यासाठी मी एकच कसोटी मानतो : जेथे पुढे जाण्यासाठी हातांचा आधार घ्यावा लागतो, ती जागा आपल्या वाटेत असू नये. दोघे असताना घसरणारा माणूस जखमी होतो. एकटा असताना तीच घसरण वेगळ्या ठिकाणी संपते.

म्हणून मी आपल्याला उलटी दिशा सुचवतो. पनवेलहून धोदाणीला जावे आणि तेथून सनसेट पॉइंटच्या बाजूने माथेरान चढावे. ही वाट खालच्या वाड्यांतील लोकांच्या रोजच्या वहिवाटीची आहे. दूध आणि भाजी घेऊन चढणारी माणसे सकाळी आपल्याला मागे टाकून जातील, आणि तेव्हा मॅरेथॉनची वेळ मनातल्या मनातच ठेवलेली बरी. सहाशे ते सातशे मीटरांचा हा चढ संपला की लाल मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटा लागतात. पठाराच्या कडेचे पॉइंट एकामागून एक घेत उत्तरेला पॅनोरामा पॉइंटपर्यंत धावत गेले तर वीस-पंचवीस किलोमीटर सहज होतात. त्यानंतर दस्तुरी नाक्यावरून नेरळला उतरावे आणि लोकल पकडावी. शेजारच्या पेब किल्ल्याचा मोह मात्र पहिल्या खेपेला टाळावा, कारण तिकडच्या वाटेवर शिड्या आहेत.

या वाटेचा मोठा गुण असा की तिच्या मधोमध वस्ती आहे. माथेरानात पाणी, जेवण, दवाखाना आणि माणसे आहेत. पाय मुरगळला तर तेथून खाली जाण्याची सोय होते. एकट्याने करायच्या पहिल्या मोठ्या पल्ल्याची वाट अशीच असावी : दोन्ही टोकांना गाडी आणि मध्ये गाव. पूर्ण निर्जन वाट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवावी.

आपल्या पत्रात ‘कोणाचीही सोबत न घेता’ हे शब्द दोनदा अधोरेखित केलेले आहेत, म्हणून थोडे विषयांतर वाटेल असे एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये बॉब ग्रॅहॅम नावाच्या माणसाने १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरे पालथी घातली. आज ‘बॉब ग्रॅहॅम राउंड’ म्हणून ओळखला जाणारा हा सुमारे १०६ किलोमीटरचा आणि ८२०० मीटर चढाईचा फेरा डोंगरात धावणाऱ्यांच्या जगात फार मानाचा समजला जातो. प्रख्यात डोंगरधावपटू किलियन जॉर्नेने २०१८ मध्ये तो १२ तास ५२ मिनिटांत पुरा केला. ही काही स्पर्धा नाही. ज्याने त्याने आपला दिवस निवडून निघायचे असते. तरीही हा फेरा पुरा करणाऱ्यांच्या क्लबात नाव नोंदवायचे असेल तर प्रत्येक शिखरावर आपल्यासोबत साक्षीदार असावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे धावणाऱ्याचे पाय एकट्याचे असले तरी पाणी, नकाशा आणि नजर इतरांची चालते. आपल्यालाही हेच करता येईल. ही वाट आधी दोनदा, दोन तुकड्यांत, मित्रांसोबत चालून पाहा. तिसऱ्या खेपेला सोबतीने धावा. चौथ्या खेपेला एकटे जा.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकट्याने धावण्यात उणीव असते ती ‘आता पुरे, परत फिरू’ असे म्हणणाऱ्या माणसाची. थकलेला, उन्हाने तापलेला मेंदू स्वतःविषयी चुकीची साक्ष देतो. सोबत्याला आपली अडखळती जीभ ऐकू येते, आपल्याला येत नाही. त्यामुळे परत फिरण्याचा निर्णय डोंगरात घ्यायचा नसतो. तो आदल्या रात्री घरी, जेवण झाल्यावर, कागदावर लिहायचा असतो आणि डोंगरात फक्त पाळायचा असतो. उदाहरणार्थ : दहा वाजेपर्यंत सनसेट पॉइंटला पोहोचलो नाही तर पॅनोरामा रद्द. पुढच्या पाण्याच्या जागेआधीच निम्म्याहून अधिक पाणी संपले तर मागे. वाट चुकल्याची शंका आल्यावर वीस मिनिटांत ती सापडली नाही, तर ज्या ठिकाणी खात्री होती तेथे परत. असे तीन-चार नियम पुरेत. मी स्वतः हा तिसरा नियम न पाळता एका फेब्रुवारीत चंदेरीच्या पायथ्याच्या रानात दोन तास कारवीत अडकलो होतो. प्रत्येक पाच मिनिटांनी मला वाटत होते की पुढच्या वळणावर वाट मिळणारच, आणि त्यामुळे मी वाटेपासून अधिकाधिक दूर जात होतो.

प्रश्न : मी वर्तकनगरमध्ये राहते. डोंगरवाटांचा सराव येऊरला पहाटे पाच वाजता एकटीने करावा, असे वाटते, कारण नंतर कार्यालयाची घाई असते. घरचे नको म्हणतात. दुसरा काही पर्याय आहे का?

उत्तर : या बाबतीत मी घरच्यांच्या बाजूचा आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. तेथे बिबटे राहतात, आणि पहाटेचा व संध्याकाळचा संधिप्रकाश ही त्यांच्या हिंडण्याची वेळ असते. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, मात्र अंधारात वेगाने पळणारी एकटी आकृती त्याच्या डोळ्यांना माणसासारखी दिसते की सावजासारखी, याची परीक्षा आपण का घ्यावी? उजाडल्यानंतर, जेथपर्यंत जाण्याची मुभा आहे तेथपर्यंतच, शक्यतो दोघी-तिघींनी आणि कानात काहीही न घालता धावावे. नाक्यापलीकडच्या वनवाटांना वनविभागाची परवानगी लागते. पहाटे पहारेकरी नसतो म्हणून ती लागेनाशी होत नाही. समोर बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये, खाली वाकू नये. हात वर करून मोठे दिसावे, मोठ्याने बोलावे आणि त्याच्यावरची नजर न काढता मागे सरावे.

आता पर्याय. आपल्या इमारतीचा जिना. ही थट्टा नव्हे. चौदा मजल्यांच्या इमारतीत मजला तीन मीटरचा धरला तर एका चढाईत ४२ मीटर होतात. पंधरा वेळा चढल्यास ६३० मीटर, म्हणजे धोदाणीहून माथेरानचा चढ जवळजवळ पुरा झाला. बहुतेक लोक येथे एक चूक करतात : जिन्याने चढतात आणि लिफ्टने उतरतात. चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना मांड्यांमधून जी कळ निघते ती उताराने आलेली असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि हे काम त्याला सवयीशिवाय झेपत नाही. म्हणून उतरायचेही जिन्यानेच. पहिल्या आठवड्यात चार-पाच फेऱ्यांवर थांबावे, घाई करू नये. वॉचमन आणि वरच्या मजल्यावरच्या आजी काय म्हणतील, याची चिंता पहिले तीन दिवसच वाटते.

सुटीच्या दिवशी खारघरची टेकडी किंवा बेलापूरची पारसिक टेकडी उजाडल्यावर धावण्यास चांगली आहे. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूला जाऊ नये. तेथे दरवर्षी बंदी घातली जाते आणि ती घालण्यामागे बुडालेल्या माणसांचा इतिहास आहे.

प्रश्न : पावसाळ्यात ऊन नसते, हवा गार असते, मग एकट्याच्या लांब धावेसाठी जुलै-ऑगस्ट का नको? (ऐरोली)

उत्तर : दरड, शेवाळ, धुके आणि अचानक फुगणारा ओढा, यांतील एकही गोष्ट एकट्या माणसाला दुसरी संधी देत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरात राहिलेल्या लोकांनाही ती येत असल्याचे कळले नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर ऊन वाढते, झरे आटतात आणि वणवे लागू लागतात. वाळलेल्या गवताच्या उतारावर वणवा वर चढतो तो धावणाऱ्याहून वेगाने.

प्रश्न : मला घाम अतिशय येतो. एकटी धावताना पाणी संपेल या भीतीने मी निघण्यापूर्वीच दीड लिटर पिऊन घेते आणि पुढेही दर दहा मिनिटांनी पीत राहते. तरीही शेवटी डोके दुखते आणि मळमळते. पाणी आणखी वाढवावे का? (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : वाढवू नये, कदाचित तेच अधिक होत असावे. पाणी कमी पडण्याची भीती आपल्या सर्वांच्या मनात इतकी खोल बसली आहे की जास्त पाण्याचाही धोका असतो, हे पटकन खरे वाटत नाही. घामातून पाण्यासोबत मीठही जाते. त्या जागी नुसते पाणी, तेही घामाहून अधिक, पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते. ते प्रतिलिटर १३५ मिलिमोलच्या खाली गेले की डोकेदुखी, मळमळ, बोटे सुजणे आणि पुढे गोंधळल्यासारखे होणे, अशी लक्षणे दिसतात. फार उतरल्यास मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचे सोडियम या रेषेखाली होते. शर्यतीत धावताना ज्यांचे वजन वाढले त्यांना धोका अधिक होता, आणि अधिक वेळ घेणारेही त्यांत होते. दिवसभर रमतगमत धावणाऱ्याला म्हणूनच अधिक जपावे लागते.

गंमत अशी की पाणी कमी पडले तरी डोके दुखते आणि जास्त झाले तरी दुखते. त्यामुळे अंदाजावर न जाता वजनकाटा वापरावा. एका रविवारी धावण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर धावा, त्या वेळी प्यायलेले पाणी मोजून ठेवा. परतल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करा. वजन ८०० ग्रॅमने घटले आणि ३०० मिलिलिटर पाणी प्यायले असेल तर तासाला सुमारे १.१ लिटर घाम गेला. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. तहान लागेल तसे प्यावे आणि दिवसाअखेर वजन किंचित घटलेले असावे. वाढलेले असेल तर नक्कीच चुकले. ठाण्याची हवा दमट असल्याने घाम अंगावरून निथळतो, उडून जात नाही, आणि त्यामुळे अंग गार होत नाही. अशा वेळी पाणी वाढवण्याऐवजी वेग कमी करणे हाच उपाय असतो.

मिठासाठी महागडी पाकिटे लागत नाहीत. औषधाच्या दुकानातील जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस घ्यावे, आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, पुरे एक लिटर असेल तर पुऱ्या एक लिटरमध्ये, कालवावे. ‘चव उग्र लागते’ म्हणून दुप्पट पाणी घालू नये. ‘ओआरएस’सारखी चित्रे छापलेली गोड पेये निराळी. खाण्यासाठी खारे शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गूळ आणि चार तासांपुढच्या पल्ल्याला चटणी लावलेली चपातीची गुंडाळी. गोड गोड खाऊन पाचव्या तासाला जीभ विटते, तेव्हा तिखट-खारट घासाने माणूस पुन्हा धावू लागतो, हा माझा आणि माझ्याबरोबर धावणाऱ्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे. आपली लक्षणे याने थांबली नाहीत, किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पुढच्या लांब धावेपूर्वी डॉक्टरांना भेटावे. धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये. तापलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर भार टाकते.

प्रश्न : माझ्या घड्याळात जीपीएस आहे आणि दुसऱ्याने धावलेली वाट मी त्यात उतरवून घेतली आहे. मग कागदी नकाशा हवाच का? शिवाय परदेशातून आणलेले उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मिळत आहे, ते घ्यावे का? (सानपाडा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. अशी यंत्रे परवान्याशिवाय जवळ बाळगणे वा वापरणे भारतात कायद्याने गुन्हा आहे आणि त्यापायी प्रवाशांना अटकही झालेली आहे. घेऊ नये.

घड्याळ अवश्य वापरावे. मात्र उतरवून घेतलेली वाट कोणत्या महिन्यातील आहे, हे पाहावे. पावसानंतर गवत छातीपर्यंत वाढते आणि पाऊलवाट दिसेनाशी होते. मेमध्ये ठळक असलेली वाट ऑक्टोबरात नाहीशी झालेली असते. सह्याद्रीत चकवणारी मुख्य गोष्ट म्हणजे ढोरवाटा. गुरे उतारावर आडवी चरतात, त्यामुळे त्यांच्या वाटा छान मळलेल्या, समपातळीवरच्या आणि धावायला मोहात पाडणाऱ्या असतात. त्या पाण्यापाशी किंवा करवंदीच्या जाळीत संपतात. माणसाची वाट खिंडीकडे किंवा वाडीकडे जाते आणि तिच्यावर दगड घासून गुळगुळीत झालेले दिसतात. हा फरक घड्याळ सांगत नाही.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात बार्कली मॅरेथॉन नावाची एक विलक्षण शर्यत होते. साठ तासांत पाच फेऱ्या, वाटेवर खुणा नाहीत आणि जीपीएसला बंदी. नकाशा आणि होकायंत्रावर वाट काढायची. २०२४ मध्ये जॅस्मिन पॅरिस ही शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. तिची वेळ ५९ तास ५८ मिनिटे २१ सेकंद होती. म्हणजे साठ तास भरायला ९९ सेकंद उरले होते. आपण जीपीएस टाकून द्यावे, असे यातून मला सुचवायचे नाही. नकाशा डोक्यात असलेल्या माणसाला घड्याळ बंद पडले तरी आपण कोठे आहोत हे ठाऊक असते, इतकेच. वाटेतील खिंडी, ओढे, वाड्या आणि खाली उतरणाऱ्या फाट्यांची नावे क्रमाने कागदावर लिहून काढा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि एरवी फोन विमान-मोडवर ठेवावा, कारण दरीत नेटवर्क शोधता शोधताच त्याची बॅटरी संपते.

सामानाविषयी अनेकांनी विचारले आहे, म्हणून येथेच लिहितो. युरोपातील माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या प्रसिद्ध शर्यतीत हजारो लोक आणि ठायी ठायी मदतकेंद्रे असूनही प्रत्येकाला शिट्टी, दिवा, किमान एक लिटर पाण्याची सोय आणि अंगाभोवती गुंडाळायचे पातळ, चकचकीत पांघरूण जवळ बाळगावेच लागते. आपण एकटे आहोत. त्याहून कमी नेण्याचे कारण नाही. क्रेप बँडेज घ्यावे, ते मुरगळलेल्या घोट्याला चालते. सापाच्या दंशाला कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव न हलवता लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. एकट्याला चालावेच लागले तर सावकाश चालावे, धावू नये. शिट्टीचा संकेत असा : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. दिव्यानेही हेच करता येते. कड्यांवर आग्या मोहोळ असते, तेव्हा तेथून जाताना अत्तर लावलेले अंग आणि मोठा आवाज, दोन्ही नकोत.

प्रश्न : मी नेरूळची, वय ३१. एकटीने धावायला मला बिबट्याची किंवा सापाची भीती वाटत नाही, माणसांची वाटते. यावर आपण काय सांगाल? (‘पुरुष सोबत न्या’ हे उत्तर नको.)

उत्तर : ते उत्तर मी देणार नव्हतो. आपली भीती अकारण आहे, असेही म्हणणार नाही.

दोन गोष्टी सांगतो. पहिली फोनची. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये आपली वाट आणि वेळ सर्वांना दिसेल अशी ठेवलेली असते, आणि दर रविवारी सहा वाजता त्याच वाटेवर एक बाई एकटी धावते ही माहिती कोणालाही मिळू शकते. नोंद फक्त स्वतःपुरती ठेवावी, घराजवळचा भाग झाकावा, आणि ‘उद्या अमुक डोंगर’ अशी जाहिरात आदल्या दिवशी करू नये. फोटो परतल्यावर टाकावेत. चालू ठिकाण मात्र घरच्या एका माणसाला सतत दिसत राहील, अशी सोय करावी.

दुसरी गोष्ट वाडीची. शहरातून येणारे बहुतेक धावपटू पायथ्याच्या वाडीतून मान खाली घालून, घड्याळ दाबून निघून जातात. आपण तसे करू नये. आधीच्या खेपांना चालत जाल तेव्हा एखाद्या घरी थांबा, चहा प्या, पैसे द्या, घरातल्या बाईंशी बोला, आपण पुन्हा कधी आणि कोणत्या वाटेने येणार ते सांगा. पोलीस पाटलांचा क्रमांक घ्या. ज्या डोंगरात चार घरची माणसे आपल्याला ओळखतात, तेथे आपण परक्या उरत नाही, आणि आपल्यावर लक्ष ठेवून असलेल्या माणसाचीही ओळख गावाला असते. आजची वाट कशी आहे, कोठे रानडुकरांसाठी फासे किंवा विजेच्या तारा लावल्या आहेत, कोठला झरा आटला, हेही तेथेच कळते. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावत असताना अचानक गारपीट आणि वादळी वारा सुटला. २१ जणांचा गारठून मृत्यू झाला. त्या दिवशी एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवले, आणि ते सहाही वाचले.

आणि एखाद्या ठिकाणी मन खात असेल तर कारण शोधत बसू नये, परत फिरावे. तो रविवार वाया गेला तरी चालेल.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपासून डोंगरात एकटे धावायला जातात. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ एवढेच सांगतात. फोन लागत नाही. मी दिवसभर दाराकडे पाहत बसते. अडवायचे नाही, पण मी नेमके काय करावे, हे कोणी सांगत नाही. (ऐरोली)

उत्तर : या सदराला आलेल्या पत्रांत धावणाऱ्याने न लिहिलेले हे एकच पत्र आहे. खरे तर धावणाऱ्यांनी सर्वांत आधी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. अमेरिकेतील युटा राज्यात २००३ साली ॲरन राल्स्टन हा तरुण एकटाच एका अरुंद घळीत उतरला आणि निखळलेल्या शिळेखाली त्याचा हात अडकला. तो कोठे जात आहे, हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. १२७ तासांनंतर स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला.

‘संध्याकाळपर्यंत’ हा शब्द घरातून हद्दपार करा. आपल्या यजमानांकडून पुढच्या खेपेपासून एक कागद मागून घ्या, आणि तो मिळाल्याशिवाय चपात्या बांधून देऊ नका. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात : वाट कोठून सुरू, कोठे संपणार, मधली गावे आणि उतरण्याचे फाटे, निघण्याची वेळ, कपड्यांचा आणि पिशवीचा रंग, पायथ्याच्या गावातील एका माणसाचा क्रमांक, आणि दोन वेळा. पहिली वेळ ते खाली येऊन फोन करतील ती, समजा दुपारचे तीन. दुसरी वेळ आपण मदत मागवाल ती, समजा सायंकाळी पाच. या दोहोंमधील दोन तास त्यांच्या चुकीसाठी आहेत. त्या वेळात आपण गावातील माणसाला फोन करून ते दिसले का, एवढेच विचारावे.

पाच वाजले आणि काहीच कळले नाही, तर ‘आणखी अर्धा तास पाहू’ असे म्हणू नये. अंधार पडण्यापूर्वीचा तो शेवटचा उजेड असतो. ११२ वर फोन करावा, कागद समोर ठेवून वाट वाचून दाखवावी आणि शेवटचे ठिकाण फोनवर आले असेल तर त्याची वेळ सांगावी. वनक्षेत्र असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरही कळवावे. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचे समन्वय करणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा मदत क्रमांक आजच शोधून त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवावा. नातेवाइकांना गाडी घेऊन अंधारात डोंगराकडे धाडू नये, त्यामुळे शोधायची माणसे वाढतात. आपला फोन मोकळा ठेवावा. चौकशी करणाऱ्या आप्तांना दुसऱ्या कोणीतरी उत्तर द्यावे. यजमानांनाही हे सांगून ठेवा की त्यांच्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून ११२ लागू शकतो.

आणि आपण मदत मागवल्यानंतर ते सातच्या सुमारास, बूट हातात घेऊन, लंगडत दारात उभे राहिले, तर आधी ज्यांना ज्यांना फोन केले होते त्या प्रत्येकाला ते आल्याचे कळवा. बचाव पथकातील मुले आपापली कामे टाकून तोपर्यंत डोंगराच्या वाटेला लागलेली असतात. यजमानांना जे बोलायचे ते त्यानंतर.